पाणी कमी हवंय म्हणून सक्शनचा व्हॉल्व्ह आवळला तर?

सेंट्रिफ्युगल पंपाचं पाणी जास्त येत होतं म्हणून तुम्ही सक्शनचा, म्हणजे पाणी पंपात येतं त्या बाजूचा, व्हॉल्व्ह अर्धा बंद केला, अँपिअरही उतरले, मग बिघडलं कुठे, असं विचारलंय. अँपिअर उतरणारच, पंपाला पाणीच मिळत नाहीये.

पंप पाणी ओढतो हे आपलं बोलण्यापुरतं. इम्पेलर, म्हणजे आतलं फिरणारं पात्यांचं चाक, त्याच्या तोंडाशी दाब कमी करतो आणि उघड्या टाकीतल्या पाण्याला बाहेरची हवा आत ढकलते. समुद्रसपाटीला या ढकलण्याचं बळ जेमतेम 10.3 मीटर पाण्याइतकं. त्यातूनच पाइप, बेंड, जाळी यांचं घर्षण भागवायचं, त्यात तुम्ही व्हॉल्व्ह आवळलात. दाब फार उतरला की पाणी थंडच असताना उकळतं. ज्या दाबाला ते उकळतं तो बाष्पदाब 20 अंशाला साधारण पाव मीटर, 60 अंशाला दोन मीटर. म्हणून गरम पाण्याचे पंप आधी कुरकुरतात. वाफेचे ते बुडबुडे पात्यांवर पुढे सरकले, दाब वाढला, की फटाफट मिटतात. केसिंगमध्ये, म्हणजे पंपाच्या बाहेरच्या कवचात, खडी फिरतेय असा आवाज येतो, आणि धातूचे कण उडत राहतात.

असाच एक पंप मी पाहिलाय. 'बेअरिंग गेलं' म्हणून दोनदा बेअरिंग बदललेलं. स्क्रूड्रायव्हरचं टोक केसिंगला लावून मूठ कानाशी धरली, तर आवाज बेअरिंगचा नव्हताच. सक्शनची जाळी गाळाने बुजलेली निघाली. ती धुतल्यावर पंप गप्प झाला, पण इम्पेलरची पाती तोंडाशी स्पंजसारखी खाल्लेली होती. तो इम्पेलर टाकूनच द्यावा लागला.

गेज असतील तर ओळखणं सोपं. डिलिव्हरीचा, म्हणजे पाणी बाहेर जातं त्या बाजूचा, व्हॉल्व्ह आवळला की डिलिव्हरीचा दाब चढतो. सक्शन आवळलं की तो उतरतो, काटा थरथरतो आणि सक्शनच्या गेजवर व्हॅक्यूम वाढतो. अशा वेळी ग्लँड, म्हणजे शाफ्टभोवतीची गळती रोखणारा भाग, सैल असेल तर तिथून हवाही आत जाते आणि पंप पाणी उचलणं सोडतो. मग सील कोरडं फिरून जळायला वेळ लागत नाही.

पाणी कमी करायचं ते डिलिव्हरीच्या व्हॉल्व्हने. तोही पूर्ण बंद ठेवून पंप चालवू नका, आतलं पाणी तापत जातं. वीज वाचवायची असेल तर व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग बदलणारं उपकरण, लावून वेग कमी करा. सक्शनचा व्हॉल्व्ह मात्र पूर्ण उघडा आणि त्याचं हँडल काढून कपाटात ठेवा. मी तेच करतो.