कंपाइल झालं म्हणजे बरोबर, असं नाही

एररशिवाय कंपाइल झालं म्हणजे भाषेने परवानगी दिली, असं समजू नकोस. सी प्लस प्लसमध्ये तू युजरकडून संख्या घेऊन तेवढ्याच लांबीचा अ‍ॅरे केलायस ना? स्टँडर्डमध्ये, म्हणजे भाषेच्या अधिकृत नियमांत, तो बसतच नाही. १९९९ च्या सी मधली ही सोय जीसीसी या कंपाइलरने एक्स्टेन्शन (नियमांबाहेरची जादा सोय) म्हणून सी प्लस प्लसमध्येही चालवून घेतली. मायक्रोसॉफ्टचा कंपाइलर मात्र सरळ एरर देतो. जीसीसीला ‘पेडॅन्टिक-एरर्स’ फ्लॅग लाव, मग बघ, तोही एरर देईल. आणि अ‍ॅरेऐवजी व्हेक्टर वापर, त्याची लांबी प्रोग्राम चालताना ठरवता येते.

उलटंही होतं. १९९८ च्या स्टँडर्डमध्ये टेम्प्लेटसाठी (वेगवेगळ्या टाइपांना चालणारा कोडचा साचा) ‘एक्सपोर्ट’ ही सोय होती, पण बहुतेक कंपाइलरांनी ती कधी दिलीच नाही (मेनूकार्डावर थालीपीठ, मागितलं की ‘संपलंय’!). २०११ च्या स्टँडर्डमध्ये ती काढून टाकली. कंपाइलरमध्ये बग सापडला म्हणण्याआधी तुझं डॉक्युमेंटेशन कुठल्या आवृत्तीचं आहे ते तपास.