पंखा का ओरडतो? वाचकांचे प्रश्न

फाउंड्रीत क्युपोलाचा (लोखंड वितळवायच्या भट्टीचा) ब्लोअर किंचाळतो. पत्र्याच्या पेटीत बंद करू का? (कोल्हापूर)

नुसत्या पत्र्यात कोंडलात तर मोटर तापेल आणि पत्राही वाजायला लागेल. आधी ब्लोअरची सक्शनची, म्हणजे हवा ओढणारी बाजू बघा. तोंड उघडं असेल तर बराचसा आवाज तिथूनच येत असतो. जाळीचा पत्रा आणि मागे ग्लासवूल असलेला सायलेन्सर तिथे लावलात तर पेटीपेक्षा जास्त गुण येईल. तोंडाला चिकटूनच बेंड असेल तर हवा वाकडी शिरते, पात्यांवर आदळते आणि घरघर वाढते. बेंड आणि तोंड यांच्यामध्ये सरळ पाइप द्या.

एकसुरी शिट्टी मात्र पात्यांची. १० पाती, मिनिटाला २९०० फेरे, म्हणजे सेकंदाला साधारण ४८३ धक्के. तोच सूर तुम्हाला ऐकू येतो.

आता मला पडलेला प्रश्न: डँपर, म्हणजे हवा अडवणारी झडप, अर्धा मिटवून चालवता का? तसं असेल तर ब्लोअर गरजेपेक्षा मोठा आहे. पुली बदलून किंवा व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारं इलेक्ट्रॉनिक उपकरण) लावून वेग २० टक्के उतरवलात तर आवाज सुमारे ५ डेसिबलने पडतो, वीजही जवळपास निम्मी लागते. पण दाबही ३६ टक्के घटतो. क्युपोलाला तेवढा पुरेल का, हे मोजल्याशिवाय पुलीला हात लावू नका.

छताचा पंखा पाचवर गप्प, दोनवर गुणगुणतो. बेअरिंग गेलं का? (नाशिक)

नाही. बेअरिंग पाचवर गप्प बसलं नसतं. रेग्युलेटर गोल फिरणारा, डिमरसारखा असणार. तो विजेची लाट कापतो आणि मोटर गुणगुणते. कपॅसिटरवाला, टप्प्याटप्प्याचा रेग्युलेटर बसवा.

खालच्या हॉटेलने दोनपैकी एक एक्झॉस्ट बंद केला, तरी फरक नाही. फसवतायत का? (ठाणे)

बहुधा नाही. दोन सारख्या पंख्यांतला एक थांबला तर फक्त ३ डेसिबल कमी होतात. आवाज निम्मा वाटायला साधारण १० लागतात. तुमच्या भिंतीला तळहात लावून पाहा. थरथर जाणवली तर पंख्याखाली रबरी पॅड आणि डक्टला कॅनव्हासचा जोड मागा. पात्यांवरचं तेलकट किटणही काढायला सांगा, त्याने तोल जातो. रात्री १० ते सकाळी ६ निवासी भागात मर्यादा ४५ डेसिबल आहे, २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार. बोलणी अडली तर हा आकडा काढा, आधी नको.