वाचकांचे प्रश्न : हाड सुकताना आखडतं का?

प्रश्न : शाळेच्या प्रयोगशाळेसाठी बोकडाच्या मांडीची हाडं उकळून, खरवडून वैशाखात खळ्यात सुकत घातली. आठवड्याभरात उभ्या भेगा पडल्या आणि लांबी दीड मिलिमीटर कमी भरली. मोजण्यात चूक झाली का?
– विज्ञान शिक्षिका, गुहागर

उत्तर : हाड आखडतं हे खरं, पण इतक्या लहान हाडात दीड मिलिमीटर जास्त होतो. माणसाच्या मांडीचं हाड, जवळजवळ हातभर लांबीचं, सुकल्यावर दोनेक मिलिमीटरच घटतं. तुमच्या मापात बहुधा टोकावरची कूर्चा आली असावी. ताजी असताना ती पांढरी, गुळगुळीत, जाड दिसते. तिच्यात बरंचसं पाणीच असतं, म्हणून सुकली की पिवळट, काचेसारखा पातळ पापुद्रा उरतो. ती काढून मगच पहिलं माप घ्या. बोकड कोवळा असेल तर टोकाची टोपीच निखळते, कारण ती वाढीच्या कूर्चेनेच धरलेली असते.

आता भेगा. ताज्या हाडाच्या वजनात साधारण १० ते २० टक्के पाणी असतं. पोकळ्यांतलं मोकळं पाणी आधी जातं, तेव्हा मापात फारसा फरक दिसत नाही. हाडातल्या कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंना धरून बसलेलं पाणी निघू लागलं की तंतू जवळ येतात आणि हाड आखडतं. तंतू बहुतांशी उभे असतात, त्यामुळे लांबी कमी घटते, जाडी आणि घेर जास्त. रणरणत्या उन्हात बाहेरचा थर आखडून बसतो, आतला मात्र अजून ओला, फुगलेला. बाहेरच्या थराला ताण सहन होत नाही, तो तंतूंच्या दिशेने फाटतो. फणसाची फळी सुतार सावलीत का सुकवतो, तेच इथेही.

पुढच्या वेळी खदखदा उकळू नका. फार उकळलं की कोलॅजेनचं जिलेटिन होऊन हाड भुसभुशीत होतं. झाकणाच्या बादलीत गोड्या पाण्यात दोन-तीन आठवडे ठेवलं की मांस आपोआप सुटतं (वास येतो, बादली घरापासून लांब ठेवा, हातमोजे घाला). मग दोन्ही टोकांना बारीक भोक पाडून मगज धुऊन काढा आणि कपडे धुण्याच्या पावडरच्या कोमट पाण्यात भिजत ठेवा. पाण्यावर तेलाचा तवंग येईनासा होईपर्यंत पाणी बदलत राहा. पांढरं करायला औषधाच्या दुकानातलं ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड पुरतं. ब्लीच वापरूच नका, ते कोलॅजेन खातं. शेवटी सुती फडक्यात गुंडाळून पडवीत रोवळीवर ठेवा. आठवड्याने फडकं काढा. रोज सकाळी वजन करा. तीन-चार दिवस तेच भरलं की हाड हवेशी जुळलं. आषाढात वजन पुन्हा वाढेल, म्हणून मापाशेजारी तारीख लिहाच.

प्रश्न : सुकलेलं हाड जास्त कडक लागतं, मग पडल्यावर चटकन का मोडतं?
– वाचक, मालवण

उत्तर : कडकपणा आणि चिवटपणा या दोन वेगळ्या गोष्टी. पाण्यामुळे कोलॅजेन थोडं ताणलं जातं, सरकतं आणि धक्का जिरवतं. पाणी गेलं की हाड वाकायला जास्त जोर लागतो, पण थोडंसं वाकताच ते तुटतं. दोन नळ्या घ्या, एक ओली, एक सुकी. दोन विटांवर आडव्या ठेवून मधोमध वजन लटकवत जा, डोळ्यांना चष्मा हवाच. सुकी कमी वाकेल आणि काडकन तुटेल. सामान्य तापमानाला सुकलेली नळी पाण्यात भिजवली तर मूळ गुण बऱ्याच अंशी परत येतात. भट्टीत तापवलेलीचे येत नाहीत.

प्रश्न : किनाऱ्यावर सापडलेल्या हाडाचा पृष्ठभाग पिठासारखा सुटतो आहे.
– वाचक, देवगड

उत्तर : आत मुरलेलं मीठ सुकताना स्फटिक होतं आणि पृष्ठभाग उचकटतं. पाऊस आला की तेच मीठ ओल धरतं, पुढच्या उन्हात पुन्हा स्फटिक होतं. गोड्या पाण्यात बुडवून रोज पाणी बदला, आठवडाभर तरी. मगच सावलीत सुकवा. मात्र हाड देवमाशाचं, डॉल्फिनचं किंवा समुद्री कासवाचं वाटलं तर घरी आणू नका, वनविभागाला कळवा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते जवळ बाळगता येत नाही.