मायक्रोस्कोप सोडू नकोस, त्याला कोडिंगची जोड दे

तुझं पत्र वाचलं. भूशास्त्राच्या पदवीचं शेवटचं वर्ष आहे, पायथन तू हौसेनं शिकली आहेस आणि आता एका सिनियरनं डोक्यात भुंगा सोडलाय: ‘फोटो टाकला की कॉम्प्युटर खनिजं ओळखतो, मग स्लाइडी बघत डोळे कशाला फोडतेस?’ तेव्हा भूशास्त्र सोडून सरळ डेटा सायन्सकडे वळावं का, हा तुझा प्रश्न.

वळू नकोस, असं माझं स्पष्ट मत आहे.

सिनियरचं निम्मं म्हणणं खरं आहे. खडकाचा पातळ काप चिकटवलेली काचेची स्लाइड मायक्रोस्कोपखाली जराजरा सरकवत 300 ते 500 बिंदू मोजायचे आणि प्रत्येकाखाली कोणतं खनिज येतं ते टिपायचं, हे काम यंत्राकडे जाणारच. जाऊ दे की! खाणउद्योगाला यात नवल नाही. ऑस्ट्रेलियात सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेनं विकसित केलेली क्यूईएमस्कॅन ही प्रणाली इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप आणि एक्स-रे वापरून खनिजांचे नकाशे कधीपासून काढते आहे. पण ती यंत्रणा महागडी. म्हणून तर साध्या पोलरायझिंग (ध्रुवित प्रकाश वापरणाऱ्या) मायक्रोस्कोपच्या फोटोंवरून तेच साधायची एवढी धडपड चालू आहे.

आणि इथेच तुझी गरज लागते. थिन सेक्शनमध्ये, म्हणजे खडकाच्या त्या पातळ कापात, दिसणारा रंग बऱ्याचदा खनिजाचा स्वतःचा नसतो. 30 मायक्रॉन जाडीच्या कापात क्रॉस्ड निकॉलखाली (एकमेकांना काटकोनात ठेवलेल्या दोन ध्रुवक फिल्टरांमधून) क्वार्ट्झ करडा-पांढरा दिसतो. काप जाड राहिला की पिवळसर होतो. स्टेज (स्लाइड ठेवायची तबकडी) फिरवली तर दर 90 अंशांनी तोच कण काळा पडतो. तेवढा एकच फोटो पाहून खनिजं ओळखायला शिकवलेल्या कॉम्प्युटर मॉडेलनं त्याला मॅग्नेटाइट (कायम काळंच दिसणारं खनिज) म्हटलं, तर त्याला काय बोलणार? म्हणून एकाच जागेचे वेगवेगळ्या कोनांतले फोटो, साध्या ध्रुवित प्रकाशातलेही (एकच फिल्टर लावून काढलेले), एकत्र द्यावे लागतात. जुळे स्फटिक न दाखवणारा ऑर्थोक्लेज आणि क्वार्ट्झ यांच्यात तर माणसांचीही गफलत होते. क्यूईएमस्कॅनसारखा रासायनिक नकाशाही सगळीकडे तारत नाही, कारण कॅल्साइट आणि अ‍ॅरागोनाइट यांचं सूत्र एकच. ही खोच ज्याला कळते, त्यानं लावलेल्या लेबलांवरच (कोणता कण कोणतं खनिज, या नोंदींवरच) मॉडेल शिकतं. कोड लिहिणारे पुष्कळ मिळतात, भरवशाची लेबलं लावणारे फार थोडे.

विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टमध्ये एक चूक मला वारंवार दिसते. एका स्लाइडच्या फोटोचे हजार तुकडे करायचे, काही शिकवायला वापरायचे, काही परीक्षेला ठेवायचे आणि मग अचूकता नव्वदीपार गेली म्हणून खूश व्हायचं. अगं, पेपर आधीच फुटलेला असतो! मॉडेलनं त्या स्लाइडची जाडी आणि त्या दिव्याचा उजेडच पाठ केलेला असतो. परीक्षेच्या स्लाइड पूर्णपणे वेगळ्या हव्यात, जमलं तर दुसऱ्या मायक्रोस्कोपवरच्या. एकूण अचूकतेच्या आकड्यावरही भाळू नकोस. ग्रॅनाइटमध्ये झिरकॉन नखाएवढासुद्धा नसतो. मॉडेलनं तो एकदाही ओळखला नाही तरी आकडा झकास येतो. आणि खडकाचं वय काढणाऱ्याला नेमका तोच हवा असतो.

पुढच्या सहा महिन्यांत एक छोटं काम कर. वीसेक स्लाइड घे, तीन-चार खनिजांपुरतंच मर्यादित राहा. आधी हातानं मोज, मग मॉडेलला मोजू दे, आणि दोघांचं कुठे बिनसलं ते लिहून काढ. मुलाखतीत मी असते तर अचूकतेचा तक्ता बाजूला ठेवून आधी तेच पान मागितलं असतं. सोबत संख्याशास्त्र पक्कं कर, ते तुझं कच्चं असावं असं पत्रावरून वाटलं.

नोकऱ्या फक्त खाणीत नाहीत. तेलसाठ्यांच्या खडकांतली सच्छिद्रता, सिमेंटच्या क्लिंकरची (दळण्याआधीच्या भाजलेल्या खड्यांची) तपासणी, काँक्रीटला तडे का गेले याचा शोध, सगळीकडे हेच काम असतं. मंगळावरच्या क्युरिऑसिटी रोव्हरमध्ये 2016 पासून एजिस नावाचं सॉफ्टवेअर फोटो पाहून लेझरसाठी खडक स्वतः निवडतं. त्या खडकाचा अर्थ मात्र इथे पृथ्वीवर बसलेली माणसं लावतात.

पदव्युत्तरचा अर्ज भूशास्त्रालाच कर, ऐच्छिक विषयात इमेज प्रोसेसिंग घे. आणि पहिलं मॉडेल तयार झालं की त्यानं चुकीचे ओळखलेले दहा कण मला पाठव. बरोबर ओळखलेले नकोत.