विहिरीत पिंपळ, बुंध्याशी ब्लॉक

प्रश्न : नगरपालिकेच्या बागेतल्या जुन्या दगडी विहिरीच्या भिंतीत पिंपळ उगवलाय. ठेकेदार म्हणतो, उपटून दर्जा (दगडांमधले सांधे) सिमेंटने भरू. शेजारच्या जुन्या आंब्याच्या बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉकही बसवलेत. हे योग्य आहे का?

उत्तर : नाही. पिंपळ ओढला तर मुळांबरोबर दगडही निघतात. नुसता छाटला तर पुन्हा फुटतो. मुळाभोवतीच्या दगडांवर रंगाने आकडे घाला (खडू पहिल्याच पाण्यात जातो), ते उतरवा, मूळ पूर्ण काढा आणि दगड त्याच क्रमाने बसवा.

सिमेंट तर नकोच. मागच्या मातीतलं पाणी ते अडवतं, दाब वाढतो आणि भिंतीला पोट येतं. सांधा रुंदीच्या दुप्पट खोल खरवडा, भिजवा आणि १ भाग मुरवलेला चुना, १ भाग सुरखी, २ भाग चाळलेली वाळू असा मसाला दाबून भरा. सुरखी म्हणजे विटांची बारीक पूड. ओलाव्यातही चुना घट्ट होतो तो तिच्यामुळे. ती वगळून पैसे वाचवायचा मोह ठेकेदाराला होतोच, तेव्हा कालवताना समोर उभे राहा. नंतर निदान ७ दिवस ओली गोणपाटं लावा. झटपट वाळलं की भेगा पडतात. झऱ्यांची तोंडं बुजवू नका.

आंब्याभोवतीचे निदान १ मीटरपर्यंतचे ब्लॉक हाताने काढा, जेसीबीने नव्हे. उघडी पडलेली मुळं त्याच दिवशी मातीने झाका. झाड ५० वर्षांचं किंवा त्याहून जुनं असेल तर राज्याच्या २०२१ च्या कायदादुरुस्तीनुसार ते हेरिटेज वृक्ष ठरतं. वृक्ष प्राधिकरणाला लेखी कळवा.