शेवाळ वाढले, पण पाणी निवळेना

प्रश्न: घरगुती सांडपाण्यावर उथळ कुंडात सूक्ष्मशैवाल वाढवले. आठवड्यात पाणी हिरवेगार झाले, पण दोन दिवस स्थिर ठेवूनही निवळत नाही. काय चुकले?

वाढवण्यात काही चुकले नाही, शेवाळ काढण्याची सोय राहून गेली. हे गंभीरपणे घ्या. हिरवे पाणी तसेच सोडले, तर सांडपाण्यातले नायट्रोजन-फॉस्फरस पाण्याबाहेर गेलेलेच नसतात. ते फक्त पेशींत शिरलेले असतात. नदीत पेशी मेल्या की दोन्ही पुन्हा मोकळे होतात आणि कुजताना प्राणवायूही खातात.

क्लोरेला या सूक्ष्मशैवालाची पेशी अवघी २ ते १० मायक्रॉनची, वर तिच्यावर ऋण विद्युतभार. पेशी एकमेकींना दूर ढकलतात, म्हणून तळ गाठत नाहीत. तुरटी हा भार मोडते. मात्रा ठरवायला एकेक लिटरची पाच भांडी घ्या आणि त्यांत ५०, १००, १५०, २०० व २५० मिलिग्रॅम तुरटी घाला. एक मिनिट जोरात, मग पंधरा मिनिटे सावकाश ढवळा आणि अर्धा तास हात लावू नका. वरचे पाणी नितळ करणारी सर्वांत कमी मात्रा ती तुमची. सामू (पीएच) ६ च्या खाली उतरू देऊ नका.

तुरटीची किंमत मात्र जैवभार (पाण्यातून काढलेले शेवाळ) मोजतो: त्यात ॲल्युमिनियम राहते आणि फॉस्फेट त्याला बांधले जाते, मग खत म्हणून ते पिकाला सहज मिळत नाही. म्हणून आमची पसंती दुसऱ्या वाटेला. निवळण टाकीच्या (कुंडातले हिरवे पाणी स्थिर ठेवण्याच्या टाकीच्या) तळाशी आपोआप बसलेल्या शेवाळाच्या गाळातला थोडा भाग रोज कुंडात परत सोडा. जड, पुंजक्यांनी वाढणाऱ्या जाती (पेडिअ‍ॅस्ट्रम, मायक्रॅक्टिनियम) हळूहळू वरचढ होतात. काही आठवडे लागतात, धीर धरा.

प्रश्न: रोज १,००० लिटर सांडपाण्याला किती जागा लागेल?

खोली ३० सेंटिमीटर आणि पाण्याचा कुंडातला मुक्काम ६ दिवस धरला, तर ६,००० लिटर, म्हणजे २० चौरस मीटर. थंडीत मुक्काम ८ ते १० दिवसांवर न्यावा लागतो, जागाही तितकी वाढते. सांडपाणी आधी निवळून घ्या. पाण्याचा वेग सेकंदाला १५ ते ३० सेंटिमीटर राहील असे वल्ह्यांचे चक्र फिरते ठेवा, नाहीतर खालच्या पेशी अंधारात अडकतात. कोरडा जैवभार रोज साधारण २०० ते ४०० ग्रॅम मिळेल.

प्रश्न: दुपारी सामू १० च्या वर जातो, पण अमोनिया झपाट्याने घटतो. हे चांगलेच ना?

नाही. भर उन्हात शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड संपवते, त्यामुळे सामू चढतो. सांडपाण्यात नायट्रोजनच्या मानाने कार्बन कमीच असतो. २५ अंश सेल्सिअसला सामू ९.२५ झाला की निम्मा अमोनिया मुक्त (विरघळलेल्या वायूच्या) रूपात असतो. १० वर त्याहून बराच जास्त. त्यातला काही हवेत उडतो. तपासणीत घट दिसते, पण तो नायट्रोजन जैवभारात आलेला नसतो. उरलेला मुक्त अमोनिया शेवाळाचीच वाढ रोखतो. फक्त दिवसा कार्बन डायऑक्साइडचे बारीक बुडबुडे सोडून सामू ८ च्या आसपास ठेवा.

प्रश्न: हा जैवभार जनावरांना चारता येईल का?

शहरी सांडपाण्यावर वाढलेला असेल तर नको. रोगजंतू आणि जड धातू त्यात साठलेले असू शकतात. बायोगॅससाठी वापरा, पण एकटा नको: त्यात नायट्रोजन जास्त, त्यामुळे संयंत्रात अमोनिया साचून वायू मंदावतो. भुसा किंवा रद्दी कागद मिसळून कार्बन-नायट्रोजन प्रमाण २० ते ३० पर्यंत आणा.