रेंजफाइंडरची बॅग घेताना आधी आतली रुंदी मोजावी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. डीएसएलआर विकून तुम्ही वापरलेला लायका एम 6 घेतला आहे. हा फिल्मचा रेंजफाइंडर कॅमेरा आहे, म्हणजे त्यात लेन्समधून न पाहता वेगळ्या खिडकीतून पाहतात आणि तिथे दिसणाऱ्या दोन प्रतिमा एकावर एक आणून फोकस करतात. सोबत 35 आणि 50 एमएमच्या समिक्रॉन आणि 90 एमएमची एल्मारिट या लेन्स आहेत. यंदा आषाढी वारीत पुण्याहून सासवडपर्यंत माउलींच्या पालखीबरोबर चालायचा बेत आहे, आणि घरात असलेली पाठीवरची मोठी बॅग चालेल की दुसरी घ्यावी, हे तुम्हाला ठरवता येत नाही. माझे मत असे की ती बॅग या कामासाठी वापरू नये. तिच्यात वाईट काही नाही, पण ती वेगळ्या आकाराच्या वस्तूसाठी शिवलेली आहे, आणि रेंजफाइंडर ज्या तऱ्हेने हाताळला जातो त्या तऱ्हेला ती जागोजागी आडवी येईल.

आकारापासूनच सुरुवात करतो. डीएसएलआरमध्ये असतो तसा आरसा आणि डोक्यावरचे प्रिझम नसल्यामुळे एम 6 ही एक लांबट, चपटी वडी आहे. लांबी 138, उंची 77 आणि जाडी 33.5 मिलिमीटर. आरशाला जागा ठेवायची नसल्याने लेन्स फिल्मच्या पुष्कळ जवळ बसते (लायकाच्या एम माउंटवर, म्हणजे लेन्स बसवण्याच्या कड्यावर, हे अंतर 27.8 मिलिमीटर आहे, तर निकॉनच्या एफ माउंटवर 46.5), आणि म्हणूनच तुमची 50 एमएमची समिक्रॉन जेमतेम साडेचार सेंटीमीटर लांब आहे. डीएसएलआरच्या बॅगेतले कप्पे खोल आणि ऐसपैस असतात. त्यात ही लेन्स टाकली की ती विहिरीत पडल्यासारखी तळाशी जाते, आणि प्रत्येक वेळी मनगटापर्यंत हात घालून ती चाचपडत काढावी लागते. कॅमेऱ्याची अवस्था त्याहून वाईट होते, कारण रिकाम्या जागेत तो चालताना सतत हलतो आणि पट्ट्याच्या कड्या शेजारच्या लेन्सवर घासतात.

म्हणून बॅगेचे लिटर बघू नका, आतली रुंदी बघा. रुंदी म्हणजे तुमच्या अंगाला लागणाऱ्या बाजूपासून समोरच्या बाजूपर्यंतचे, फोम वगळून उरणारे अंतर. ते आठ ते नऊ सेंटीमीटर असावे. एवढ्या जागेत एम 6 लेन्स खाली करून आडवा ठेवला की त्याची 77 मिलिमीटरची उंची दोन्ही भिंतींना हलकेच टेकते आणि तो डुगडुगत नाही. दुकानात जाण्यापूर्वी वर्तमानपत्राच्या कागदावर कॅमेऱ्याची आणि लेन्सची बाह्याकृती काढून घ्यावी, 35 एमएमवर ऊन अडवणारा चौकोनी हूड चढवलेलाच ठेवणार असाल तर तो चढवून उंची मोजावी, आणि ती मापे बॅगेच्या आतल्या मापांशी ताडून पाहावीत. बाहेरची मापे निरुपयोगी आहेत, कारण फोमची जाडी प्रत्येक बॅगेत निराळी असते.

कॅमेरा लेन्स खाली करून ठेवायचा म्हणजे लेन्सवर उभा करायचा नव्हे, हे इथे नीट सांगायला हवे. दोन डिव्हायडर, म्हणजे बॅगेतल्या फोमच्या सुट्या आडभिंती, एकमेकांपासून साधारण सात सेंटीमीटरवर लावा आणि त्यांची वरची कड तळापासून किमान सहा सेंटीमीटर उंच राहील असे पाहा. कॅमेऱ्याची दोन्ही टोके या दोन कडांवर विसावतात, आणि लेन्स मधल्या फटीत तळाला न टेकता लोंबकळत राहते. बॅग जमिनीवर जराशी आदळली तरी धक्का बॉडीच्या टोकांवर जातो, फोकसच्या रिंगवर आणि माउंटवर जात नाही. कॅमेऱ्याची पाठ वर असल्यामुळे झाकण उचलताच उजवा हात आपोआप पकडीच्या जागी पडतो. ही एक रचना जमली की निम्मी बॅग जमली, असे मी समजतो.

उरलेल्या जागेत दोन लेन्स बसतात, तीन नाहीत. दोन लेन्सच्या पाठी एकमेकींना जोडणारी दुहेरी मागची टोपी मिळते. ती वापरली तर दोन छोट्या लेन्स एका उभ्या कप्प्यात एकीवर एक राहतात आणि तळाशी बुडत नाहीत. मात्र बदलायची वेळ येते तेव्हा वरची कोणती आणि खालची कोणती, हे हाताला पाठ असावे लागते. वारीसाठी माझा आग्रह असा की 90 एमएम घरी ठेवावी. एम 6 च्या व्ह्यूफाइंडरमध्ये 90 ची चौकट लहानशी दिसते, गर्दीत चालता चालता तिच्यावर अचूक फोकस करणे अवघड आहे, आणि ती एकटी 400 ग्रॅमच्या वर भरते. उलट बॉडी सुमारे 585 ग्रॅम आणि 35 व 50 या दोन्ही मिळून सुमारे 500 ग्रॅम, म्हणजे सारे ओझे किलोभराच्या आसपास राहते. दिवे घाट चढताना हा फरक खांद्याला कळतो.

आता बॅगेचे तोंड. माझी पसंती नेहमी झाकणाच्या बॅगेला असते. चेन पूर्ण उघडली नाही तर कॅमेरा काढताना तिचे दाते त्याच्या कडांवर घासतात, आणि काळ्या रंगाखालचे धातू उघडे पडायला एक मोसम पुरतो. वेल्क्रोचा आवाज ही दुसरी अडचण. एम 6 चे शटर इतके हळू वाजते की शेजारच्या माणसालाही कळत नाही, आणि त्याआधी तुम्ही कीर्तनात किंवा हरिपाठ चालू असताना वेल्क्रो टरकावून उघडलात तर दहा माना वळतात. वेल्क्रो असलेली बॅग आवडलीच तर त्यावर कापडाची पट्टी शिवून घ्या. झाकण एका हाताने उघडता आणि एका हाताने बंद करता आले पाहिजे. बकल लावण्यासाठी दोन हात लागत असतील तर गर्दीत तुम्ही ते लावणार नाही, आणि उघड्या बॅगेनिशी चालाल.

फिल्म बदलण्याचा विचार बॅग घेताना फारसे कोणी करत नाही, पण एम 6 वापरणाऱ्याने तो आवर्जून करावा. याची पाठ बिजागरीवर पूर्ण उघडत नाही. तळाची प्लेट काढून हातात घ्यावी लागते, मग फिल्म खालून सरकवावी लागते. म्हणजे एका हातात कॅमेरा, दुसऱ्यात नवी फिल्म, आणि प्लेट ठेवायला तिसरा हात नाही. पुष्कळ जण ती दातांत धरतात. मीही धरत असे, एकदा पावसात ती निसटून चिखलात गेली, आणि तिच्या कडेतली रेती काढण्यात पालखी पुढे निघून गेली. तेव्हापासून मी बॅगेच्या आतल्या बाजूला, अंगाकडच्या भिंतीवर, एक उथळ सपाट खिसा असल्याखेरीज बॅग घेत नाही. प्लेट त्या खिशात, वापरलेली फिल्म बाहेरच्या डाव्या खिशात, नवी उजव्या खिशात, आणि ही वाटणी कधीही बदलायची नाही. बॅगेची वरची कड थोडी ताठ असावी, म्हणजे तोंड उघडे राहते आणि तुम्हाला बॅगेवरच काम करता येते. अगदी मऊ बॅग पोटाशी कोसळते आणि तोंड मिटते.

रेंजफाइंडरला बॅग लागते याचे आणखी एक कारण आहे, आणि डीएसएलआरवरून येणाऱ्या माणसाला ते सहसा माहीत नसते. एम 6 चे शटर रबर लावलेल्या कापडी पडद्यांचे आहे आणि त्याच्यासमोर आरसा नाही. कॅमेरा गळ्यात लटकत असताना लेन्स सूर्याकडे तोंड करून राहिली, छिद्र मोठे असले आणि फोकस अनंतावर असला, तर भिंगाने कागद पेटवावा तसे पडद्याला भोक पडू शकते. लेन्सवर कॅप लावणे हा सरळ उपाय, पण या कॅमेऱ्यात आपण लेन्समधून पाहत नाही, त्यामुळे कॅप लावलेली असली तरी व्ह्यूफाइंडरमध्ये सारे लख्ख दिसते आणि माणूस कॅपसकट फोटो काढत राहतो. मी म्हणूनच बॅगेलाच कॅप मानतो. फोटो काढायचा नसेल तेव्हा कॅमेरा आत जातो, आणि ते अंगवळणी पडण्यासाठी आत-बाहेर करणे अगदी सोपे असले पाहिजे. आत ठेवताना शटर चढवून, म्हणजे फिल्म पुढे ओढून पुढच्या फोटोसाठी तयार करून, ठेवू नका. चढवलेले असेल तर बटणावर काही टेकले की प्रकाश मोजणारे मीटर चालू होते आणि बॅटरी संपते. शटर स्पीडची चकती बी या खुणेवर नेऊन ठेवली तर मीटर बंद राहते.

दुचाकीवरून जाणार असाल तर बॅग पाय ठेवण्याच्या जागेवर कधीही ठेवू नका. इंजिनाची बारीक थरथर फोममधूनही पोचते, लेन्सचे आणि बॉडीचे स्क्रू हळूहळू सैल होतात, आणि रेंजफाइंडरची दुहेरी प्रतिमा उभ्या दिशेने सरकते. माझ्या एका बॉडीचे असे झाले होते, आणि ते मला तीन रोल धुऊन आल्यावर कळले. बॅग अंगावर असावी, म्हणजे शरीर धक्का झेलते. प्रवासाहून आलात की दूरच्या मंदिराच्या कळसावर किंवा मोबाइलच्या टॉवरवर फोकस अनंतावर नेऊन पाहावे. दोन्ही प्रतिमा तंतोतंत एक झाल्या पाहिजेत, आडव्याही आणि उभ्याही.

पावसाबद्दल. एम 6 ला किंवा तुमच्या लेन्सना पाण्यापासून कसलेही संरक्षण नाही, तेव्हा सगळा भरवसा बॅगेवर आहे. इंग्लंडच्या बिलिंगहॅमने 1973 साली मासेमारीच्या पिशव्या शिवण्यापासून सुरुवात केली, फोटोग्राफर त्याच पिशव्या घेऊ लागले म्हणून ते कॅमेऱ्यांकडे वळले, आणि त्यांच्या कापडात दोन थरांच्या मध्ये रबराचा थर असतो. आषाढातल्या सरींना ते कापड चांगले तोंड देते. डोमकेच्या बॅगा फिलाडेल्फियातल्या जिम डोमके या वृत्तपत्र छायाचित्रकाराने 1970 च्या दशकात स्वतःच्या कामासाठी बनवल्या. त्यांत फोम फार कमी आणि कॅनव्हास मऊ, त्यामुळे बॅग अंगाला शर्टासारखी बसते आणि गर्दीत कोणाला लागत नाही, पण कॅनव्हास भिजतो आणि जड होतो. कोणतीही घेतली तरी आत एक बंद होणारी प्लास्टिकची पिशवी घडी करून ठेवा, आणि वरून अंगभर येणारा सैल रेनकोट घाला, म्हणजे बॅग रेनकोटाच्या आत राहील.

नेमकी कोणती घ्यावी असे विचारलेत म्हणून सांगतो. तुमच्या बॉडी आणि दोन लेन्ससाठी बिलिंगहॅमची हॅडली स्मॉल मला सर्वांत योग्य वाटते. मुख्य झाकणाला चेन नाही, पितळी गोळीवर अडकणारे चामड्याचे पट्टे एका हाताने सुटतात, समोर दोन खिसे आहेत आणि आतला फोमचा गाभा काढता येतो. कापड मऊ आवडत असेल तर डोमकेची एफ-803 पाहा. दोन्ही बॅगा आपला कॅमेरा सोबत नेऊन, तो आत घालून, बॅग खांद्यावर घेऊन आणि डोळे मिटून दहा वेळा काढून-ठेवून मगच घ्याव्यात. इतका खर्च आत्ता करायचा नसेल तरी काही अडत नाही. कॅमेऱ्यासाठीचा फोमचा सुटा गाभा वेगळा विकत मिळतो. तो जाड सुती शबनममध्ये बसवला, शबनमचा पट्टा चार बोटे रुंद शिवून घेतला आणि तोंडाला झाकण लावून घेतले, की एक बॉडी आणि दोन लेन्स उत्तम राहतात. कोणाचे लक्ष जात नाही, हा शबनमचा मोठा गुण आहे. वारीत किंवा लोकलमध्ये कॅमेऱ्याची म्हणून ओळखू येणारी बॅग मी टाळतो, आणि कोणतीही बॅग असली तरी गर्दीत ती पोटावर, झाकण अंगाकडे करून घेतो.

शेवटचा मुद्दा बॅग घरी आल्यानंतरचा. पावसाळ्यात कॅमेरा बॅगेत मुक्कामाला ठेवू नका. फोम आणि चामडे ओलावा धरून ठेवतात, आणि हवेतली आर्द्रता 60 टक्क्यांवर गेली की काचेवर बुरशीला पोषक वातावरण मिळते. मी एकदा श्रावणभर एक 50 एमएम तिच्या चामड्याच्या डबीत, डबी बॅगेत आणि बॅग कपाटात ठेवली. भाद्रपदात काढली तेव्हा पुढच्या काचेच्या आत कडेला कोळिष्टकासारखे बारीक धागे पसरलेले होते. लेन्स उघडून साफ केल्यावर धागे गेले, पण खालच्या लेपावर उठलेले वण अजून आहेत, आणि उजेडाकडे तोंड करून फोटो काढला की ते जाणवतात. सासवडहून परत आलात की त्याच रात्री सगळे बाहेर काढा, बॅग झाकण उलटे टाकून पंख्याखाली ठेवा, आणि कॅमेरा व लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा. निळे जेल गुलाबी झाले, किंवा केशरी जेल हिरवे झाले, की ते मंद आचेवर तव्यावर परतून पुन्हा वापरता येते, फक्त तो तवा स्वयंपाकाचा नसावा.

90 एमएमबद्दल तुमचा विचार पक्का असेल आणि ती न्यायचीच असेल, तर तसे कळवा. मग रुंदी तीच ठेवून लांबी तीन-चार सेंटीमीटरने वाढवावी लागेल, आणि हॅडली स्मॉलऐवजी हॅडली प्रो पाहावी लागेल.